दोन टेंपो, शंभर पोती: सँपल पास, टेस्ट ७ ला आडवा

सेम_सहावं
मंडळी नमस्कार. मी बेळगावातच शिकतो, सहाव्या सेमला. आमच्यात एक ऑनलाइन कोडिंग स्पर्धा झाली. त्यातला एक प्रश्न स्पर्धा संपली तरी डोक्यातून जाईना. जज (कोड आपोआप तपासणारी साइट) अजून चालू ठेवलाय, सबमिट करता येतं, पण निकाल तोच: 'राँग ॲन्सर, टेस्ट ७'. सातव्यात काय आहे ते दाखवत नाहीत.

प्रश्न असा. मार्केट यार्डात एन पोती पडलीत, प्रत्येकाचं वजन दिलंय. सगळी पोती दोन टेंपोंत भरायची. दोन टेंपोंच्या वजनातला फरक कमीत कमी यायला पाहिजे. फक्त तो फरक छापायचा.

माझी रीत:

पोती उतरत्या क्रमाने लाव
अ = ०, ब = ०
प्रत्येक पोत्यासाठी:
  अ <= ब असेल तर अ मध्ये टाक
  नाहीतर ब मध्ये टाक
छाप: अ आणि ब मधला फरक

म्हणजे जड पोतं आधी, आणि त्या घटकेला जो टेंपो हलका त्यात. सँपलला १०, ७, ५, ४ दिलंय आणि उत्तर २. माझंही २ येतं. सॉर्ट तपासलं. इंट ओव्हरफ्लो (आकडा इंटमध्ये न मावणं) व्हायला वजनं तेवढी मोठी नाहीत. शेवटी न्यूलाइन छापतो. लॉजिक तर बरोबर आहे, मग चुकतंय कुठं?

खानापूरकर
'लॉजिक तर बरोबर आहे' असं लिहिणाऱ्याकडून दर वेळी पाव किलो कुंदा वसूल करा असा ठराव मांडतो.

येळ्ळूरचा_भात
ठरावाला अनुमोदन. कॅम्पातला नको, चांगला करपवलेला पाहिजे.

तिसरं_गेट
मर्यादा लिही की गा आधी. एन किती, वजन किती, एका फाइलीत केस किती, वेळ किती. ते न लिहिता 'चुकतंय कुठं' विचारलं तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

सेम_सहावं
राहिलंच. टी (केस) १० पर्यंत, एन १०० पर्यंत, प्रत्येक वजन १ ते १०००, वेळ २ सेकंद. सी प्लस प्लसमध्ये लिहितोय.

तिसरं_गेट
झालं. उत्तर मर्यादेतच लिहिलंय. पण आत्ता सांगत नाही, आधी तुझी रीत मोडूया.

हिंदवाडीची_अक्का
कागद घे. पोती पाच: ८, ७, ६, ५, ४.

८ गेलं अ मध्ये. ७ ब मध्ये. आता ब हलका (७), म्हणून ६ ब मध्ये, ब झाला १३. अ मध्ये ८, म्हणून ५ तिकडं, अ पण १३. दोन्ही सारखे, तुझ्या नियमाने ४ जातं अ मध्ये. १७ आणि १३, फरक ४.

आता ८ आणि ७ एका टेंपोत ठेव, ६, ५, ४ दुसऱ्यात. १५ आणि १५. फरक शून्य.

तुझ्या कोडमध्ये टायपिंगची चूक एकही नाही. जे लिहायचं होतं तेच नीट लिहिलंयस, फक्त ती रीतच ह्या प्रश्नाची नाही. ह्याला ग्रीडी म्हणतात हे तुला माहीत असणारच: त्या घटकेला जे बरं दिसतं ते घ्यायचं, मागं फिरायचं नाही. ८ आणि ७ ला पहिल्याच घटकेला वेगळं केलंस आणि नंतर त्यांना एकत्र आणायची सोयच ठेवली नाहीस.

सेम_सहावं
अक्का, मानलं. पण मग पहिल्या सहा चाचण्या कशा पास झाल्या? नशिबानं?

निपाणकर_सर
नशीब नव्हे. पोती चार किंवा त्याहून कमी असतील तर तुमची रीत कधीच चुकत नाही, आणि हे सिद्ध करता येतं.

चार वजनं घ्या, मोठ्यापासून लहानापर्यंत क, ख, ग, घ. पहिली तीन ठेवून झाली की एकीकडे क, दुसरीकडे ख + ग. क जर ख + ग पेक्षा जड असेल, तर घ ख-ग कडे जातं, आणि क एकटं ठेवण्यापेक्षा चांगली वाटणी नाहीच. क तेवढंच किंवा हलकं असेल तर घ त्याच्याकडे जातं: क + घ विरुद्ध ख + ग. उरलेल्या जोड्या, म्हणजे क + ग विरुद्ध ख + घ आणि क + ख विरुद्ध ग + घ, यांत फरक वाढतो किंवा फार तर तेवढाच राहतो. क एकटं ठेवलं तरी तीच गत. करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या सँपलमध्ये पोती चारच आहेत. प्रश्न काढणारा माणूस खट्याळ दिसतो.

खानापूरकर
सर, हे वाचून मला दहावीचा भूमितीचा तास आठवला आणि उगाच हात मागं गेले.

वडगावचा_विणकर
खट्याळ कसला, आळशी. सँपलमध्ये पाच पोती घातली असती तर पोरांचा वेळ वाचला असता. आणि टेस्ट दाखवायची नाही हा काय प्रकार? परीक्षेत पेपर तपासून 'कुठंतरी चुकलंय' एवढंच लिहून परत देण्यासारखं झालं.

तिसरं_गेट
@वडगावचा_विणकर, टेस्ट दाखवली की पोरं तेवढीच केस इफमध्ये घालून पास करून घेतात. कोडफोर्सेस ह्या कोडिंग स्पर्धांच्या साइटवर स्पर्धा संपल्यावर टेस्ट दिसतात, तिथं मात्र बघून शिकता येतं.

अवांतर: कोडफोर्सेसचा राउंड बहुतेक वेळा रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू होतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाइट जायची वेळ पण साधारण तीच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, यूपीएसच्या टीं-टीं आवाजात मी जेवढे प्रश्न सोडवलेत तेवढे उजेडात नाही सोडवले.

येळ्ळूरचा_भात
तुमच्याकडं यूपीएस तरी आहे. आमच्या गल्लीत लाइट गेली की पहिला टॉवर पडतो.

सेम_सहावं
ऐका, मी एक दुरुस्ती केली. ग्रीडी झाल्यावर जड टेंपोतलं एक पोतं आणि हलक्यातलं एक पोतं घेऊन बघायचं, अदलाबदल करून फरक कमी होत असेल तर करायची. एक पोतं नुसतं हलवून जमत असेल तर तेही. कमी व्हायचा थांबला की थांबायचं. अक्कांच्या उदाहरणात ८ आणि ६ ची अदलाबदल होते आणि १५-१५ येतं. सबमिट केलं, टेस्ट ७ पास!

आता टेस्ट ९ वर मार खातोय.

वडगावचा_विणकर
हाहाहा.

हिंदवाडीची_अक्का
गळक्या कौलावर ताडपत्री टाकूलालास बाळा. इथं टाकलीस की तिथं गळणार.

आता मी उदाहरण देणार नाही, तुझं तूच शोध. त्यासाठी तीन छोटे प्रोग्रॅम लिही. पहिला तुझाच. दुसरा अगदी मूर्ख पण हमखास बरोबर: प्रत्येक पोतं अ की ब अशा सगळ्या वाटण्या तपासायच्या. १० पोत्यांना १०२४ वाटण्या, १२ ला ४०९६, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. तिसरा, रँडम केस बनवणारा. मग लूप: केस बनव, दोघांना दे, उत्तरं जुळतात का बघ. जुळली नाहीत की थांब आणि केस छाप.

जनरेटर लिहिताना दोन गोष्टी सांभाळ. एक, वजनं १ ते १० च ठेव. १ ते १००० ठेवलीस तर सापडलेली केस हातानं सोडवताना जीव जाईल. लहान आकड्यांत सारखी वजनं जास्त येतात, आणि भानगडी तिथंच लपतात. दोन, रँडमचा सीड (ज्या आकड्यावरून रँडम सुरू होतं तो) छापून ठेव, म्हणजे तीच केस परत काढता येते.

आमच्या टीममध्ये नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात मी हेच लिहायला लावते. बँकेचं व्याज काढणारं कोड असो की टेंपो, फरक पडत नाही.

शहापूर_सेमीकोलन
अक्का, त्यानं लिहीपर्यंत मी पायथनमध्ये लिहून चालवलंसुद्धा. त्याची अदलाबदलवाली रीत घातली. सापडलं:

५, ५, २, २, २, २, २

ग्रीडी ११ आणि ९ वर थांबतं (५, २, २, २ आणि ५, २, २). फरक २. तो कमी करायचा तर १ चा फरक असलेली जोडी पाहिजे, पण आकडे फक्त ५ आणि २, अंतर ३. जोडीच नाही. नुसतं २ चं पोतं हलवलं तर ९ आणि ११ होतं, फरक तोच. अडकलं.

आणि खरं उत्तर? दोन पाच एकीकडं, पाच दोन दुसरीकडं. १०, १०. बघितल्यावर मला दोन मिनिटं हसूच आवरेना.

सेम_सहावं
मग एकाच्या बदल्यात दोन असं करतो. ५ दिलं, २ + २ घेतलं, झालं १०-१०.

निपाणकर_सर
थांबा. मी कागदावर बसलो होतो, त्यात एक गंमत मिळाली.

कोणतीही विषम संख्या घ्या, समजा ७. दोन पोती ७ किलोची, सात पोती २ किलोची. एकूण २८. दोन सात मिळून १४, सात दोन मिळून १४. उत्तर शून्य. तुमची ग्रीडी रीत दोन सात वेगळे करते, मग दोन-दोन किलोची पोती आलटून पालटून टाकते, आणि ती विषम असल्याने शेवटी १५ आणि १३ येतं. हे सुधारायला ७ च्या बदल्यात एकदम तीन पोती द्यावी लागतात. एकाला दोन चालणार नाही, कारण ७ उणे ४ म्हणजे ३, हव्या असलेल्या १ पेक्षा जास्त.

९ घ्या: दोन नऊ, नऊ दोन. आता एकाला चार. ११ घ्या, एकाला पाच. तुम्ही अदलाबदल जितकी खोल न्याल, त्याच्या पुढचा विषम आकडा तुम्हाला अडवायला उभा आहे. म्हणजे ही दुरुस्ती अपुरी आहे एवढंच नव्हे, ठरावीक खोलीची कुठलीच दुरुस्ती पुरणार नाही.

आणि मालिकेतला सर्वांत छोटा म्हणजे ३: दोन तीन, तीन दोन. ३, ३, २, २, २. ग्रीडी ७ आणि ५, खरं उत्तर ६ आणि ६.

तिसरं_गेट
सर, दंडवत. हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं.

तुमचं ते ३, ३, २, २, २ प्रसिद्ध आहे. बेल लॅब्जच्या रोनाल्ड ग्रॅहॅमनं १९६९ मध्ये सिद्ध केलं की जड-आधी ग्रीडीत जास्त भरलेला टेंपो हा सर्वोत्तम वाटणीतल्या जड टेंपोच्या ७/६ पटीपेक्षा वर कधी जात नाही (दोनच टेंपो असले तर). आणि ही ७/६ मर्यादा गाठली जाते ती नेमकी इथं: ७ विरुद्ध ६.

चोर्लाघाट
मग झालं की! ७/६ च्या वर जात नाही तर अडचण काय आहे? आमचे भाजीचे टेंपो रात्री भरतात आणि पहाटे चोर्ल्यातनं गोव्याला उतरतात. हमाल काय सॉर्ट करत बसत नाही. जड पोतं आधी आत, केबिनच्या बाजूला, मग हलकं, टोमॅटोचे क्रेट वर. तुमची ती ग्रीडीच. आजवर कुणी येऊन 'फरक शून्य का नाही' विचारलं नाही. आरटीओनं विचारलं तर ते वेगळं.

वडगावचा_विणकर
+१. मी हेच म्हणणार होतो. स्पर्धेसाठी असले प्रश्न घोटायचे आणि नोकरीत बसून फॉर्मचं बटन निळं करायचं. एवढ्या वेळात पोरांनी एखादं चालणारं ॲप केलं असतं.

तिसरं_गेट
@चोर्लाघाट, अण्णा, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. पण ग्रॅहॅमची हमी जड टेंपोच्या वजनाची आहे, फरकाची नाही. इथं प्रश्न फरक विचारतो. खरा फरक शून्य आणि ह्याचा २, तर किती पट चुकला म्हणायचं? शून्याची पट काढता येत नाही. घाटात २ किलोनं काही बिघडत नाही, जजसमोर २ म्हणजे चूक.

@वडगावचा_विणकर, आपली मोठी रीत कशी मोडते हे छोटं उदाहरण काढून दाखवता येणं, हे बटन निळं करणाऱ्यालाही लागतं. बटन का निळं होईना हे त्यालाच शोधावं लागतं ना.

वडगावचा_विणकर
ते सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारं कोड) आहे, तिथं उदाहरण काढून उपयोग नाही, नारळ फोडावा लागतो.

हिंदवाडीची_अक्का
हे मात्र खरं. :)

येळ्ळूरचा_भात
मी कॉमर्सवाला, मला अर्धं कळलं नाही, पण एक विचारू? हमालाची रीत नको, अदलाबदल नको, तर आणखी कुठली हुशारीची रीत नाहीच का? एवढा साधा प्रश्न आहे.

निपाणकर_सर
दिसायला साधा आहे. 'दोन बरोबर भाग होतात का?' हा प्रश्न रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांची यादी दिली, तीत आहे. सगळ्या प्रकारच्या आकड्यांना झटपट चालेल अशी रीत आजवर कुणाला मिळालेली नाही.

हुशारीची रीत विचारलीत, तर एक आपल्या नावाची सांगतो. आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर, ज्यांची १९८४ ची लिनियर प्रोग्रॅमिंगची रीत जगभर गाजली, त्यांनी त्याआधी १९८२ मध्ये याच कार्प यांच्यासोबत एक रीत दिली. सर्वांत जड दोन पोती उचला. ती वेगवेगळ्या टेंपोंत जाणार एवढंच ठरवा, कुठलं कुठं ते नाही. त्यांच्या जागी दोघांमधला फरक हेच एक नवं पोतं समजून परत ढिगात टाका. असं एकच उरेपर्यंत.

अक्कांची केस: ८ आणि ७ गेले, १ आलं. ६, ५, ४, १. मग ६ आणि ५ गेले, १ आलं. ४, १, १. मग ३, १. शेवटी २. ग्रीडीला ४ आलं होतं, इथं २.

शहापूर_सेमीकोलन
सर, पण खरं उत्तर शून्य आहे, म्हणजे ही पण चुकली. आणि ५, ५, २, २, २, २, २ मध्ये बघा: पाच-पाच गेले शून्य, दोन-दोन शून्य, दोन-दोन शून्य, उरलं २. तिथंही चूक.

निपाणकर_सर
अगदी बरोबर. म्हणून तर सांगितली. आठ आणि सात वेगळे करायचे हे तीही पहिल्याच पायरीला ठरवून बसते.

खानापूरकर
म्हणजे करमरकर आणि आमचं सेम_सहावं, दोघांना एकाच टेस्टवर राँग ॲन्सर. पोरा, हे रेझ्युमेत घाल.

सेम_सहावं
हाहा, घालतो. पण आता करू काय? शंभर पोत्यांच्या सगळ्या वाटण्या तपासायच्या म्हटलं तर २ चा १०० वा घात.

तिसरं_गेट
आता मर्यादांकडं बघ. एन १००, वजन १०००. म्हणजे एकूण वजन फार तर १,००,०००. वाटण्या अगणित आहेत, पण एका टेंपोचं वजन लाखाच्या आतलाच कुठलातरी पूर्णांक असणार. मग वाटण्या मोजू नको, बेरजा मोज. 'एवढं वजन काही पोती निवडून जुळवता येतं का?' एवढाच प्रश्न, प्रत्येक बेरजेला हो किंवा नाही. अर्ध्यापर्यंतच बघ, पलीकडचं आपोआप ठरतं. १० केस गुणिले १०० पोती गुणिले ५०,००० बेरजा, म्हणजे ५ कोटी पायऱ्या. सी प्लस प्लसला दोन सेकंद रग्गड झाले.

चौथ्या सेमला डीएएमध्ये (अल्गोरिदमचा विषय) झिरो-वन नॅपसॅक केलं असशील की, पिशवीत मावतील तेवढ्या जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू भरायचा प्रश्न. तेच हे, फक्त किंमत काढून टाकलेली.

सेम_सहावं
केलं होतं, दहा मार्कांना. तक्ता भरायचा पाठ होता, कशासाठी ते आत्ता कळलं. लिहितो.

सेम_सहावं
लिहिलं. आता सँपलसुद्धा पास होईना! १०, ७, ५, ४ ला २ यायचं तिथं ० येऊलंय.

शक्य[०] = खरं
प्रत्येक वजन व साठी:
  बे = व पासून अर्ध्यापर्यंत, एकेक वाढवत:
    शक्य[बे - व] खरं असेल तर शक्य[बे] = खरं
अर्ध्याच्या आतली सगळ्यात मोठी शक्य बेरीज म
छाप: एकूण - २ × म

हिंदवाडीची_अक्का
'एकेक वाढवत' तिथं थांब. दोनच पोती घे, २ आणि ६. एकूण ८, अर्धं ४. खरं उत्तर ४.

व = २. बे = २ ला बघितलंस: शक्य[०] खरं, म्हणून शक्य[२] खरं. ठीक. बे = ४ ला आलास: शक्य[२] खरं आहे का? आहे, पण ते आत्ताच, ह्याच पोत्यानं खरं केलंय. म्हणून शक्य[४] खरं. एकच पोतं दोनदा भरलंस. आणि म आला ४, फरक शून्य. तुझ्या सँपलमध्ये ४ चं पोतं असंच वरवर चढत जातं, ५ च्या ८ वाटेवर १३ ला पोचतं, ५ + ४ + ४.

उलटा फिर. अर्ध्यापासून व पर्यंत, एकेक कमी करत. मग शक्य[बे - व] बघताना तिथं ह्या पोत्याचा हात लागलेला नसतो.

शहापूर_सेमीकोलन
'५ च्या ८ वाटेवर' म्हणजे काय अक्का?

हिंदवाडीची_अक्का
'५ वरून ९, ९ वरून १३' असं वाच. मीटिंगमध्ये बसून फोनवर टाइप करूलालो की असं होतं.

शहापूर_सेमीकोलन
पायथनवाल्यांसाठी: हा तक्ता वगैरे लागतच नाही. एक मोठा पूर्णांक घ्या, बिट = १. प्रत्येक वजनासाठी

बिट = बिट | (बिट << व)

संपलं. बिटचा कितवा बिट १ आहे, तेवढी बेरीज शक्य. आधीच्या सगळ्या बेरजा एकदम व ने सरकतात, उजवी बाजू पूर्ण काढून झाल्यावरच बिट बदलतो, म्हणून एक पोतं दोनदा यायची भीती नाही. लाखभर बिट म्हणजे साडेबारा केबी. पायथन स्लो म्हणणाऱ्यांनी इथं येऊन नमस्कार करावा.

तिसरं_गेट
पायथन स्लोच आहे. हे काम आतून सी करतंय. सी प्लस प्लसमध्ये बिटसेट हेच करतं, एका फटक्यात ६४ बेरजा.

सेम_सहावं
उलटा फिरवला. अक्कांच्या तीन-प्रोग्रॅमवाल्या लूपमध्ये रात्रभर चालवलं, एकही केस फुटली नाही. सर्व जुळतंय. सबमिट केलं तर टेस्ट ३!! आधी जी पास होत होती ती!

खानापूरकर
पोरगं टेस्ट ९ वरनं टेस्ट ३ ला आलं. ह्याला म्हणतात प्रगती.

चोर्लाघाट
मी जेवण सोडून वाचत बसलोय. पुढं काय झालं?

तिसरं_गेट
तुझ्या जनरेटरमध्ये टी किती?

सेम_सहावं
१. एका वेळी एकच केस बनवतो.

तिसरं_गेट
आणि शक्य हा ॲरे ग्लोबल ठेवलायस, प्रत्येक केसच्या सुरुवातीला कोरा करत नाहीस. बरोबर?

पहिली केस १, १. शक्य[१] खरं झालं. दुसरी केस २, ४. एकूण ६, अर्धं ३, खरं उत्तर २. पण मागचं शक्य[१] तसंच बसलंय. १ + २ = ३ शक्य दिसतं आणि तू ० छापतोस. ग्रीडीत अ आणि ब तू दर वेळी शून्य करत होतास, म्हणून तेव्हा टेस्ट ३ पास होत होती.

टेस्टरला जे दाखवलंच नाही ते तो पकडणार कुठनं? जज जशी फाइल देतो तशीच जनरेटरनं द्यायला पाहिजे, टी सकट.

हिंदवाडीची_अक्का
हे मी सांगायला पाहिजे होतं. जनरेटर जजच्याच फॉरमॅटमध्ये, हे तिसरं कलम यादीत घाल.

सेम_सहावं
ॲक्सेप्टेड!!! ०.०४ सेकंद. सगळ्यांना कुंदा. अक्का, तुम्हाला बंगळुरूला कुरिअर करतो.

खानापूरकर
ठराव 'चुकणाऱ्यानं द्यावा' असा होता आणि वाटतोय जिंकणारा. चालेल.

येळ्ळूरचा_भात
माझा एक प्रश्न राहिला. धाग्याच्या सुरुवातीला त्यानं विचारलं होतं चुकतंय कुठं. पण स्पर्धेत बसलेलं असताना, अक्का नाहीत, सर नाहीत, तेव्हा कळणार कसं की ही ग्रीडी चालणार नाही?

निपाणकर_सर
सिद्ध करायला बसावं. 'समजा सर्वोत्तम वाटणीत माझा पहिला निर्णय नाही. तर ती वाटणी बिघडू न देता माझा निर्णय तीत घुसवता येईल का?' जमलं तर ग्रीडी चालते. इथं पहिला निर्णय म्हणजे सर्वांत जड दोन पोती वेगळी. ८ आणि ७ एकत्र असलेल्या वाटणीत त्यांना वेगळं करायला गेलं की सगळं विस्कटतं. सिद्धता जिथं अडते, तिथंच बहुधा विरोधी उदाहरण सापडतं.

तिसरं_गेट
सर, स्पर्धेत दोन तासांत सिद्धता कुणी करत नाही. मी तरी मर्यादाच बघतो. एन दोन लाख असता तर प्रश्नकर्त्याला सॉर्ट करून काहीतरी अपेक्षित आहे असं धरलं असतं. एन १०० आणि वजन १००० असं जपून लहान ठेवलंय म्हणजे बेरजांचा तक्ता. एन ४० आणि वजन १०० कोटीपर्यंत असतं तर तक्ता बसत नाही, मग पोती वीस-वीस अशी तोडायची, प्रत्येक अर्ध्याच्या १०,४८,५७६ बेरजा काढून जुळवायच्या.

निपाणकर_सर
म्हणजे तुम्ही प्रश्न सोडवत नाही, प्रश्नकर्त्याचा चेहरा वाचता.

तिसरं_गेट
हो सर. रेटिंग त्याच्यावरच आलंय.

निपाणकर_सर
मला हे पटत नाही. उद्या नोकरीत मर्यादा कोण लिहून देणार?

हिंदवाडीची_अक्का
मला दोघांचं थोडं थोडं पटतं. नोकरीत मर्यादा लिहून कुणीच देत नाही, विचारून घ्याव्या लागतात, आणि विचारल्यावर पण निम्म्या खोट्या निघतात. तरी घाईत असताना सिद्धतेपेक्षा मूर्ख प्रोग्रॅम लवकर लिहून होतो, आणि ग्रीडी असेल तर तो बहुतेक वेळा लगेच पितळ उघडं पाडतो. शहापूरच्या पोरानं केलं तसं.

वडगावचा_विणकर
एवढं सगळं वाचून मी पण ते तीन प्रोग्रॅम लिहून बघितले. बिलिंगचं एक जुनं कोड होतं, त्यावर चालवलं. काय निघालं ते विचारू नका, ग्राहक इथं वाचत असेल.

चोर्लाघाट
आता माझा खरा प्रश्न. आमच्याकडं टेंपो तीन आहेत.

तिसरं_गेट
अण्णा, तीन असले की दोन बेरजा एकदम सांभाळाव्या लागतात, तिसरी आपोआप ठरते. तक्ता लाख गुणिले लाख, म्हणजे १००० कोटी खाने. प्रत्येक टेंपोला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरून थोडा आवळता येतो, तरी दोन सेकंदांत अवघडच. तुमची पोती रोज किती असतात?

चोर्लाघाट
साठ-सत्तर. वजनं पन्नास किलोच्या आसपासच, बटाटा असला तर.

शहापूर_सेमीकोलन
मग होतंय की! एकूण साडेतीन हजार किलो. साडेतीन हजाराचा वर्ग सव्वा कोटीच्याही आत. वजनांची यादी पाठवा, आज रात्री चालवून देतो.

चोर्लाघाट
यादी हमालाच्या डोक्यात असते. विचारून सांगतो.